खलबत्ता विरुद्ध ट्रॉम्बोन

आमच्याविरुद्ध तक्रार झाली तेव्हा घरातल्या एका माणसाला इतका आनंद झाला, की त्यांना नीट ऐकू गेलं नसावं असंच मला आधी वाटलं. ते माझे सासरे. साताऱ्याच्या दिवाणी कोर्टात त्यांनी उभी हयात वकिली केली. लोकांचे दावे लढवले, पण त्यांच्यावर स्वतःवर आजवर कुणी दावा लावला नव्हता.

ऑक्टोबरातली सकाळ होती. मी खाली जाऊन पत्रपेटी उघडली तर शीड्सआम्टचं करडं पाकीट. जिन्यातच वाचलं. माझं पोट भाषांतरावर चालतं, जर्मन यंत्रांची माहितीपत्रकं मी मराठी-इंग्रजीत आणते, म्हणजे भाषेची भीती नाही. पण परक्या मुलखात सरकारी पाकीट दिसलं की माझा जीव अर्धा होतो. शीड्सआम्ट म्हणजे आपल्याकडच्या तंटामुक्त समितीचं जर्मन भावंड म्हणा. शेजाऱ्यांची भांडणं थेट कोर्टात जायची नाहीत, आधी गावानं नेमलेल्या एका पोक्त माणसासमोर बसायचं, जमलं तर तिथंच मिटवायचं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी तिथं लिहून दिलं होतं, की वरच्या घरात रोज सकाळी सहाच्या ठोक्याला हातोडी चालते, झोपेचं खोबरं होतं, तरी ती बंद व्हावी.

मी वर येऊन बाबांना मराठीत सांगितलं. बाबा खुर्चीत ताठ बसले.

"पुन्हा वाच. सावकाश."

मी पुन्हा वाचलं.

"म्हणजे आपण प्रतिवादी," ते म्हणाले, आणि असे हसले की त्यांची वरची कवळी हलली. इथे जर्मनीत, डार्मश्टाटला आल्यापासून मी त्यांना असं हसताना पहिल्यांदाच पाहत होते.

हातोडी वगैरे काही नव्हती. होता तो पितळी खलबत्ता. बाबांनी तो साताऱ्याहून धोतरजोडीत गुंडाळून आणला होता, आणि विमानतळावर त्यावरून बरीच विचारपूसही झाली होती. सकाळी उठून आलं आणि वेलदोडे ठेचायचे आणि स्वतःचा चहा स्वतः करायचा, हा त्यांचा नेम. किसणीनं केलेलं आलं त्यांना चालत नाही. "किसलेलं आलं म्हणजे चहाला आल्याचा फोटो दाखवणं," असं ते म्हणतात. आमची इमारत जुनी, लाकडी जमिनीची. ओट्यावरचा प्रत्येक ठोका सरळ खालच्या आजोबांच्या उशीत उतरत असणार. पण बाबा पडले कायद्याचे. हाउसऑर्डनुंग, म्हणजे इमारतीच्या नियमांचा कागद जिन्यात लावलेला आहे. रात्रीची शांतता सहापर्यंत. बाबा साडेपाचला उठत, बत्ता हातात धरून घड्याळासमोर उभे राहत, आणि सहा वाजले की पहिला ठोका घालत.

आता बाबा आमच्याकडे का होते, ते सांगते. आदल्या वर्षी सासूबाई गेल्या आणि साताऱ्याच्या घरात बाबा एकटे पडले. माझ्या नवऱ्याला इथे नोकरी नव्यानं लागलेली, आणि नव्या नियमात आईवडिलांना आणायची सोय निघालेली. कागदपत्रांचा डोंगर पार करून आम्ही त्यांना आणलं. आणलं खरं, पण ते रमेनात. तक्रार कशाचीच नाही. जेवत, फिरायला जात, आमच्या आठ वर्षांच्या लेकीला पाढे शिकवत. आणि दर काही दिवसांनी जेवण झालं की ताटात बोट फिरवत म्हणत, "मी आपला डिसेंबरात परत जातो." डिसेंबरात त्यांचा इथला परवाना वाढवून घ्यायचा होता. त्यासाठी आउसलेंडरबेहोर्डं, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत जायचं होतं. विषय काढला की ते "बघू" म्हणत. सातारकर माणूस बघू म्हणाला, की बघायचं काही शिल्लक नसतं.

"अहो बाबा, तिथे आहे कोण आता?" नवरा म्हणायचा.

"पेपर येतो सकाळी."

"पेपर फोनवर वाचता येतो. तिथे तीन जिने चढायचे तुम्ही. रात्री काही झालं तर?"

"हं," बाबा म्हणायचे. मीही माझ्या परीनं भर घालायची. इथली हवा चांगली, डॉक्टर चांगले, नात आहे. बाबांचं उत्तर तेच, "हं". या "हं"समोर आम्ही दोघं हरत होतो आणि डिसेंबर जवळ येत होता. खरं सांगायचं तर मला फार भीती वाटत होती, की हा माणूस खरंच जाईल.

आणि अशात ही नोटीस.

दुसऱ्या दिवशी नाष्टा झाल्यावर बाबांनी जेवणाच्या टेबलाचं ऑफिस केलं. चष्मा पुसला, मला कागद घ्यायला लावले. खालच्या आजोबांचं नाव घरात कुणी घ्यायचं नाही, त्यांना "वादी" म्हणायचं असं ठरलं. मग दिवसभर "वादी खाली उतरला", "वादीनं कचरा चुकीच्या डब्यात टाकला", असं चालू. माझा नवरा म्हणाला, "बाबा, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये."

"शहाणे ती चढले नसते तर तुझ्या शाळेची फी कुणी भरली असती?" बाबांनी विचारलं. नवरा लॅपटॉप उचलून ऑफिसला गेला.

आमच्याकडे उत्तर होतंच. सहानंतरचा आवाज नियमात बसतो. मी तेवढंच लिहून मोकळी होणार होते. बाबांनी माझा हात धरला.

"ही झाली कैफियत. समोरचा म्हणतो तू केलंस, आपण म्हणतो केलं नाही, किंवा केलं पण चुकीचं नाही. कैफियतीनं फार तर त्याचा दावा पडतो. आपल्या पदरात काय?"

"काय हवंय आपल्याला?"

बाबांनी जमिनीकडे बोट दाखवलं. "दुपारचं ते वाद्य."

तर खालचे आजोबा चर्चच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतात आणि रोज दुपारी तीनला त्यांचा सराव सुरू होतो. दुपारच्या शांततेची वेळ तीनला संपते, तेव्हा तेही नियमातच. पण आमची लेक शाळेतून दोनला येते. बाबा तिच्यासाठी थांबतात, मग आम्ही जेवतो, आणि अडीचच्या पुढे बाबांची वामकुक्षी. डावी कूस जरा कुठे टेकते न टेकते तोच खालून हत्तीला सर्दी झाल्यासारखा आवाज. बाबा उठून बसत आणि हताश होऊन पंख्याकडे पाहत. इथे पंखा नाही, पण त्यांची नजर सवयीनं वर जाई.

"म्हणजे प्रतिदावा," मी म्हणाले.

"प्रतिदावा!" बाबांनी तो शब्द पेढा तोंडात ठेवावा तसा उच्चारला. "जर्मनमध्ये काय म्हणतात?"

"विडरक्लागं."

"ठसका आहे शब्दात."

लेक शाळेतून आली तेव्हा तिलाही धडा मिळाला. तिला मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र जर्मनच येतं. बाबा तिला म्हणाले, "हे बघ, शेजारणीकडून वाटीतून काही आलं, तर आपण वाटी रिकामी परत देतो का? नाही. चिमूटभर साखर का होईना, घालून देतो. त्यानं दाव्याची वाटी पाठवली, आपण आपला दावा घालून परत पाठवायचा."

"उंट वेन एर एंटशुल्डिगुंग झाग्ट?" तिनं विचारलं.

"सॉरी म्हणाला तर? छान! इथेच तर खरी गंमत आहे." बाबा पुढे सरकून बसले. "तो सॉरी म्हणाला, दावा मागे घेऊन घरी गेला, तरी आपला प्रतिदावा उभाच राहतो. कैफियत दाव्याच्या आधारानं जगते. दावा गेला की तिचं काम संपलं. प्रतिदावा स्वतःच्या पायावर उभा असतो."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं लेक म्हणाली आणि तिनं वरणात बोट बुडवलं.

त्या महिन्यात आमच्या घरात जी मजा आली, तिला तोड नाही. घरातला प्रत्येक वाद आता बाबांसमोर चाले. एके सकाळी मी नवऱ्याला म्हणाले, "ओला टॉवेल पुन्हा पलंगावर टाकलायस."

"आणि माझा चार्जर परवा कोणी नेला?"

"संबंध दाखवा!" बाहेरून बाबांचा आवाज आला. "टॉवेलचा चार्जरशी काय संबंध? याला प्रतिदावा म्हणत नाहीत, याला उणीदुणी काढणं म्हणतात."

नवरा टॉवेल हातात घेऊन विचार करत राहिला. मग म्हणाला, "बरं. टॉवेल पलंगावर पडतो, कारण दारामागचे सगळे हुक हिच्या ओढण्यांनी भरलेत. सबब, एक हुक मला मिळावा."

बाबा टाळी वाजवत आत आले. "शाब्बास! संबंध आहे, पुरावा दारामागे लटकतोय, आणि मुख्य म्हणजे मागणी आहे. मागणी नसेल तर ते नुसतं रडगाणं. सूनबाई, तुझं काय म्हणणं?"

म्हणणं काय असणार! पुरावा चांगला सात रंगांत लटकत होता. मी एक हुक मोकळा करून दिला. चांगली बारा वर्षं आम्ही टॉवेलवरून भांडत होतो, आणि या माणसाला हुक हवाय हे मला कधी कळलंच नव्हतं.

तोवर आमचं लेखी म्हणणं रवाना झालं होतं. बाबांनी मराठीत सांगितलं, मी जर्मनमध्ये उतरवलं. पहिल्या परिच्छेदात त्यांनी सगळं कबूल केलं. होय, आवाज होतो. होय, रोज होतो. तो पितळी भांड्यात आलं ठेचण्याचा आवाज आहे, आणि ते चहासाठी लागतं. मी म्हटलं, एवढं कबूल कशाला करायचं? बाबा म्हणाले, "जे खरं आहे ते आपणहून सांगायचं. मग जे नाकारतो, त्यावर विश्वास बसतो." पुढे ट्रॉम्बोनचा प्रतिदावा. त्यातल्या वामकुक्षीचं भाषांतर करता करता माझी संध्याकाळ गेली. शेवटी मी लिहिलं, "जेवणानंतर डाव्या कुशीवर घ्यायची, आरोग्यास हितकारक अशी परंपरागत विश्रांती."

मध्येच दिवाळी आली. आदल्या वर्षी आम्ही खाली फराळाचं ताट दिलं होतं. या वर्षी द्यायचं की नाही, यावर नवरा आणि मी कुजबुजत होतो. बाबांनी ऐकलं.

"दावा दाव्याच्या जागी, फराळ फराळाच्या जागी. ताट जाणार. फक्त देताना सांग, आमच्या हक्कांना बाध न येता."

मी ताट घेऊन खाली गेले. खालच्या आजोबांनी दार उघडलं. उंच, सडसडीत, स्वेटरची कोपरं कातड्याची. आमच्या हक्कांना बाध न येता, हे मला ऐनवेळी जर्मनमध्ये सुचेना. मी म्हणाले, "हे लाडू आहेत. पण याचा अर्थ काही नाही."

त्यांनी लाडवांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गंभीरपणे म्हणाले, "हो, हो. समजलो."

दोन दिवसांनी ताट दाराबाहेर ठेवलेलं सापडलं. घासूनपुसून लख्ख, आणि रिकामं. बाबा त्या ताटाकडे बराच वेळ बघत राहिले. आपल्याकडे असं रिकामं ताट आलं म्हणजे संबंध तोडल्यासारखंच. मी सांगितलं, "अहो बाबा, इथे लोक भांडं नुसतं धुऊन देतात. त्यात राग नसतो."

"साखरसुद्धा नाही?"

"नाही."

"कठीण आहे," बाबा म्हणाले. त्या दिवशी वादीबद्दल त्यांना पहिल्यांदाच वाईट वाटलं असावं.

आणि मग नोव्हेंबरात, बैठकीला आठवडा उरला असताना, शीड्सआम्टचं दुसरं पत्र आलं. खालच्या आजोबांनी तक्रार मागे घेतली होती. कारण त्यांच्याच शब्दांत दिलं होतं. "मी हातोडीबद्दल तक्रार केली होती. हातोडी नाही असं आता दिसतं. जे नाही, त्याबद्दल तक्रार करता येत नाही." असा शिस्तीचा माणूस साताऱ्यात असता तर बाबांनी त्याला जावई करून घेतला असता.

नवरा खूश. "सुंठीवाचून खोकला गेला!"

मी मात्र बाबांकडे बघत होते. त्यांचा चेहरा उतरला होता. समोर त्यांच्या टिपणांचे कागद होते, ते त्यांनी हळूहळू गोळा करून चौकोनी जुळवले. महिनाभर सकाळी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसणारा माणूस एका पत्रानं पुन्हा रिकामा झाला होता. मला खालच्या आजोबांचा भयंकर राग आला. तक्रार केलीत ती केलीत, वर मागे कसली घेता?

आणि मग मला आठवलं. मी ओरडलेच, "बाबा! आपला प्रतिदावा!"

बाबांनी वर पाहिलं.

"तो उभाच आहे ना? तुम्हीच म्हणालात. वादी घरी गेला तरी."

बाबांनी कागद पुन्हा पसरले. "उभा आहे," ते म्हणाले, आणि मग मोठ्यानं, "अगं, उभाच आहे! आता आपण वादी!" नवऱ्यानं डोक्याला हात लावला. मी चहा टाकायला पळाले, कारण मला हसूही येत होतं आणि रडूही.

बैठक नगरपालिकेच्या एका लहान खोलीत होती. बाबांनी काळा कोट घातला होता. खालचे आजोबाही सुटात आले होते. समोर बसल्या होत्या शीड्सफ्राऊ, म्हणजे तंटा मिटवणाऱ्या बाई; साठीच्या, विणलेलं जाकीट घातलेल्या, आवाज शाळेतल्या मुख्याध्यापिकेचा. मी बाबांची दुभाषी. बाबा जे "मी" म्हणतील ते मलाही "मी" म्हणूनच सांगायचं होतं.

बाईंनी आधी नियम सांगितला. "इथे आपलं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, तेही त्याच्या जागी बसून, 'मी' म्हणून. तो स्वतः मांडेल तितकं चांगलं. तो गेनाऊ म्हणाला, की मग तुमची पाळी."

मी भाषांतर केलं. मला वाटलं बाबा हरकत घेतील. पण त्यांचे डोळे लकाकले. "अरे वा. मी ज्युनिअर असताना हेच शिकलो. सीनियर म्हणायचे, समोरच्याची बाजू त्याच्या वकिलापेक्षा चांगली मांडता आली, तरच उभा राहा."

आणि बाबा उभे राहिले. बसूनच बोलायचं असतं हे बाईंनी खुणेनं सांगितलं, पण त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"मी नाताळच्या आधी चर्चच्या मनोऱ्यावरून ट्रॉम्बोन वाजवतो," बाबा म्हणाले, आणि मी तसंच सांगितलं. "खाली गाव उभं असतं. तिथे एक सूर चुकला तर वर्षभर तोंड दाखवायला जागा नाही. म्हणून सराव हवा. सकाळी करावा, तर समोरची नर्सबाई रात्रपाळीहून येऊन झोपलेली असते. संध्याकाळी करावा, तर शेजारी तान्हं बाळ आहे. दुपारी तीनपर्यंत मनाई. उरला तो तीनचा मुहूर्त. मी नियम मोडत नाही. तीन वाजायच्या आधी मी एक फुंकरही घालत नाही. वाद्य तोंडापाशी धरून घड्याळाकडे बघत उभा असतो."

नर्सबाई आणि बाळ ही माहिती बाबांनी जिन्यात इंग्रजीतून चौकशा करून काढली होती. पण हे शेवटचं? खालचे आजोबा बाबांकडे एकटक बघत होते. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही," बाबा म्हणाले. "सकाळी मीही तसाच उभा असतो."

आजोबा घसा साफ करून म्हणाले, "गेनाऊ."

बाबा खाली बसले आणि माझ्या कानाशी लागले. "सूनबाई, या माणसाची बाजू भक्कम आहे गं. माझा प्रतिदावा पडतोय." उभ्या आयुष्यात कुठली केस त्यांनी इतक्या आनंदानं हरली नसेल.

पण आता पाळी आजोबांची होती. ते बाबांइतके सराईत नव्हते. हातांकडे बघत बोलत होते. "मी सकाळी एकटा उठतो. घर झोपलेलं असतं. दुपारी मी नातीची वाट बघतो. ती जिन्यातून धावत येते, ते खाली ऐकू येतं. मग वर तीन खुर्च्या ओढल्या जातात. मग फक्त बोलणं आणि हसणं, बराच वेळ. पूर्वी असं नव्हतं, पूर्वी दुपारी एकाच माणसाची पावलं असत, तीही चालूच असत, बसत नसत. आता तीन खुर्च्या. मग घर शांत होतं, आणि नेमका तेव्हा खालचा ट्रॉम्बोन सुरू होतो." त्यांनी वर पाहिलं. "तीन ही वेळ नियमात बरोबर आहे. तरी चुकीची आहे."

मी हे बाबांना मराठीत सांगितलं. पूर्वीची ती पावलं माझी होती. लेक तेव्हा संध्याकाळपर्यंत शाळेतच थांबायची, आणि दुपारी मी ओट्याशी उभ्यानंच काहीतरी पोटात ढकलायची आणि पुन्हा कामाला लागायची.

"गेनाऊ!" बाबांनी टेबलावर थाप मारली, इतक्या जोरात की बाईंचा पाण्याचा जग हलला.

पुढचं पटापट झालं. ट्रॉम्बोन चार वाजता. बाबांनी आपणहून दिलं, रविवारी खलबत्ता सातला. दोघांनी सह्या केल्या, बाई म्हणाल्या की अशी बैठक रोज असती तर त्यांनी हे काम आणखी वीस वर्षं केलं असतं. बाहेर पडताना आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की ते पिवळे गोळे, ज्यांचा अर्थ काही नव्हता, ते कशाचे करतात.

आजोबा सायकलवरून गेले. बाबा आणि मी ट्रामच्या थांब्यावर बाकावर बसलो. ऊन पडलं होतं, नोव्हेंबरात मिळतं तसं, उजेड भरपूर आणि ऊब जेमतेम. बाबांनी कोटाचं बटण काढलं. ते खूश होते, कुणाशी काय बोलले ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मग त्यांनी बटण पुन्हा लावलं.

"चला," ते म्हणाले. "केसही संपली. आता डिसेंबरात मी निघतो."

"अहो बाबा, तिथे..." मी सुरू झाले. तिथे कोण आहे, तीन जिने, रात्री काही झालं तर. सगळं ओळीनं जिभेवर होतं. आणि मी थांबले. महिनोन्‌महिने आम्ही दोघं त्यांच्यासमोर हेच करत होतो, त्यांचं एकेक कारण खोडून काढत होतो. नुसती कैफियत. आम्हाला काय हवंय, ते एकदाही म्हटलं नव्हतं. तिथे काही नाही एवढंच त्यांना ऐकवलं होतं.

"आधी तुमची बाजू मांडते," मी म्हणाले.

बाबांनी भुवया उंचावल्या.

"मी सातारला माणसांना लागत होतो. रस्त्यानं जाताना लोक थांबवून सल्ला विचारत. इथे सगळे माझी काळजी घेतात, पण मी कुणाला लागत नाही. माझ्या माणसांना ओझं होण्यापेक्षा माझ्या घरात एकटं असलेलं बरं. तिथे निदान भिंतींना मी ठाऊक आहे."

बाबांनी पुढे रुळांकडे पाहिलं. मग म्हणाले, "गेनाऊ."

"आता माझा प्रतिदावा."

"संबंध?"

"त्याच दाव्याशी."

"पुरावा?"

"आजच साक्ष झाली. तिसरी खुर्ची माझी आहे बाबा. तुम्ही आल्यापासून मी दुपारी बसून जेवते. भाषांतरात अडलं की तुम्हाला विचारते, आणि तुम्हाला जर्मन येत नसूनही उत्तर मिळतं. माझे वडील मी कॉलेजात असताना गेले. त्यानंतर कुणी मला समोर बसवून काही शिकवलं नव्हतं. या महिन्याइतकी मी कित्येक वर्षांत हसले नाही."

मी बाकावर त्यांच्याकडे वळून बसले.

"मागणी?" बाबांनी विचारलं. आवाज वकिलाचा, पण बारीक झालेला.

"तुम्ही राहावं. नातीसाठी नाही, मुलासाठी नाही, तब्येतीसाठी तर नाहीच. मला तुम्ही हवे आहात म्हणून."

बाबांनी चष्मा काढला. ट्राम आली, दारं उघडली, दारं मिटली, ट्राम गेली. आम्ही दोघंही उठलो नाही.

"बरं," ते म्हणाले. "मी माझा दावा मागे घेतो."

"घ्या. पण त्यानं माझा संपत नाही."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग हसायला लागले, आधी नुसते खांदे, मग कवळी हलेपर्यंत, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. थांब्यावरची माणसं वळून बघायला लागली. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आजवर नमस्कार केल्यावरच ठेवायचे.

"कबूल," ते म्हणाले. "खर्चासह कबूल."